भाचीच्या निमित्तानं

सुरेंद्रला ॲनिमेशनचे पिक्चर आवडतात ही गोष्ट आदिलाबादेत कुणाला ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक होऊ नये याची त्यानं पुरती काळजी घेतली होती. महसूल खात्यात सीनियर असिस्टंट, बुद्धविहार समितीचा सचिव, मोजकं बोलणारा माणूस. लग्नकार्यात कुणी सिनेमाचा विषय काढला, की तो म्हणायचा, "आपल्याले वेळ कुठं," आणि विषय तिथंच संपायचा. अशा माणसानं बोलणारी अस्वलं आणि उडणारी कासवं पाहायला थेटरात बसावं, हे त्याचं त्यालाच बरं दिसत नव्हतं.

पण आवडायचे, हे खरं. त्याची सुरुवात झाली ती त्याचा बाप धोंडीबा गेला त्या हिवाळ्यात. धोंडीबानं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात सालदारकी केली आणि पोराला शिकवून खुर्चीवर बसवलं. तो गेला तेव्हा सुरेंद्र थोरला म्हणून सगळं बघत होता. कुणाला निरोप द्यायचा, कोण कुठं उतरेल, भन्तेंना कुणी आणायचं. त्यात रडायचं राहूनच गेलं. महिनाभरानं मैत्री, त्याची एकुलती एक मुलगी, तेव्हा पहिलीत असेल, हट्ट धरून बसली म्हणून तो तिला एका कार्टूनला घेऊन गेला. बायको अश्विनी म्हणाली होती की मला त्यात झोप येते, तुमीच जा. तो वैतागूनच गेला होता. थेटरवाल्यानं दोघांच्या हातात थ्रीडीचे काळे चष्मे दिले. पडद्यावर एक म्हातारं कासव आपल्या नातवाला पाठीवर घेऊन समुद्र ओलांडत होतं. पाण्यावरचं ऊन इतकं खरं होतं, की सुरेंद्रला वाटलं हात घातला तर ओला होईल. आणि मध्येच कधीतरी त्याच्या लक्षात आलं की आपण रडतोय, चांगलं घळाघळा. आजूबाजूला पोरं हसत होती. डोळ्यांवर काळा चष्मा होता. कुणाला काही कळलं नाही. घरी येताना त्याला छातीवरचं पोतं उतरवल्यासारखं हलकं वाटलं.

त्यानंतर असा एकही पिक्चर त्यानं सोडला नाही. हिंदीत आला तर हिंदीत, तेलुगूत आला तर तेलुगूत. मैत्रीला न्यायचं आहे, हे कारण घरात, ऑफिसात, गल्लीत कुठंही चालत होतं. त्याला त्या पिक्चरांत काय दिसायचं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि सांगताही आलं नसतं. अस्वलाच्या अंगावरचा एकेक केस वाऱ्यानं वेगळा हलायचा, ते तो तोंड उघडं टाकून बघायचा. त्याचं लहानपण कापूस वेचण्यात गेलं होतं. एखादा उंदीर पडून उठला की हसायचं असतं, हे तो चाळिशीच्या आसपास शिकत होता. आणि पोरं ज्या ठिकाणी खिदळायची, नेमक्या त्याच ठिकाणी त्याला रडू यायचं. हा काय प्रकार आहे, याचं त्याला नवल वाटायचं.

मैत्री अकरावीला गेली आणि ते कारण संपलं. गेल्या उन्हाळ्यात त्यानं विचारलं तेव्हा ती मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली की तिचा अभ्यास आहे. तेव्हा लागलेला पिक्चर तसाच निघून गेला. एकटा जायचा विचार त्यानं केला, थेटराच्या दारापर्यंतही गेला, पण समोर ऑफिसातला अटेंडर उभा दिसला तसा तो गाडी वळवून परत आला.

मग पुढचा पिक्चर लागला. साळिंदराचा. थेटराच्या दारावरच्या पोस्टरवर एक साळिंदर आपल्या पिल्लाकडे बघत होतं, पण दोघांच्या मधे हातभर अंतर होतं. सुरेंद्र ऑफिसला जाता-येता ते पोस्टर बघायचा. आणि त्याला साक्षी आठवली.

साक्षी त्याच्या धाकट्या बहिणीची, पूनमची मुलगी. सहा वर्षांची. पूनम गावाबाहेर जवळच मावल्याला राहायची. तिचा नवरा हर्षदीप मंचेरियलला कोळसा खाणीत होता, सुट्टी मिळाली की यायचा. घरात पूनम आणि पोरगीच. मामानं भाचीला पिक्चरला न्यायचं यात कुणाला काय वावगं वाटणार? उलट पूनमला बरंच वाटलं असतं.

रविवारी सकाळी तो मावल्याला गेला तेव्हा साक्षी तयार होऊन बसली होती. पूनम म्हणाली, "दादा, रातीपासून सर्दी आहे तिले. नाक भरून राह्यलं. जाऊ देता का आज?"

आजचा बेत जाऊ दिला असता तर पिक्चर शुक्रवारी उतरला असता. हे सुरेंद्र बोलला नाही. तो म्हणाला, "सर्दीच त आहे. लेकराचं मन लागीन. टोपी घाल तिले."

पूनमनं टोपी घातली.

इंटरव्हलपर्यंत सगळं छान चाललं होतं. साळिंदर जत्रेत फुगेवाल्याच्या अंगाला लागून जातं आणि सगळे फुगे फुटतात, तेव्हा साक्षी अख्ख्या थेटरात सगळ्यांत मोठ्यानं हसली. सुरेंद्रही हसला. बाप आणि लेक दोघंच असलेलं ते साळिंदराचं घर होतं. पिल्लाच्या पाठीवर अजून काटे फुटले नव्हते. बापाला तिला जवळ घ्यायची फार हौस, पण जवळ गेला की टोचायचा, म्हणून तो लांबूनच तिला गोष्ट सांगायचा. सुरेंद्रचे डोळे तेव्हाच भरून आले होते.

इंटरव्हलमध्ये तो पॉपकॉर्न घेऊन आला. साक्षीनं एकही दाणा तोंडात टाकला नाही. ती टोपीवरून हात दाबून बसली होती.

"मामा, चेवी दुखून राह्यली," ती म्हणाली. शाळेतल्या तेलुगूमुळे ती कानाला चेवीच म्हणायची.

"थंडी लागली असंन," सुरेंद्र म्हणाला. त्यानं आपला रुमाल तिच्या कानाला बांधला.

"मामा, घरी जाऊ."

त्याला ते नीट ऐकू आलं होतं. पुढं कितीही वेळा त्यानं स्वतःला समजावून पाहिलं की थेटरात गोंगाट होता, पोरं ओरडत होती, जाहिरात चालू होती. पण त्याला ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "थोडासाच राह्यला आहे. संपला का लगेच जाऊ." आणि दिवे गेले.

दुसऱ्या भागात थंडी पडते. पिल्लू बापावर रुसून घरातून निघून जातं आणि बर्फात अडकतं. बाप तिला शोधत फिरतो. सुरेंद्रनं साक्षीला मांडीवर घेतलं होतं. तिच्या पाठीवरून त्याचा हात फिरत होता आणि डोळे पडद्यावर होते. आवाज वाढला की ती अंग चोरायची. ती रडतेय हे त्याला हाताला कळत होतं, कारण पाठ हलत होती. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर उठावं लागलं असतं.

मागून एका बाईनं पुढं वाकून हळूच सांगितलं, "भाऊ, पोरगी लई वेळची रडून राह्यली जी."

सुरेंद्र मागं न वळता म्हणाला, "सवयच आहे तिले तशी."

पडद्यावर साळिंदराला पिल्लू सापडलं होतं. ते गारठून निपचित पडलं होतं आणि त्याला ऊब द्यायला बापाला जवळ जाता येत नव्हतं. मग त्यानं आपल्या अंगावरचे काटे दातांनी एकेक उपटायला सुरुवात केली. काटे नसलेलं ते गुबगुबीत, गुलाबी, वेडंविद्रं जनावर दिसलं तशी थेटरातली सगळी पोरं पोट धरून हसली. मोठी माणसं मात्र चूप झाली होती. त्या सोललेल्या बापानं लेकीला पोटाशी घेतलं आणि सुरेंद्र चष्म्याआड हुंदके गिळत रडला.

पिक्चर संपला. नावं वर सरकायला लागली तरी तो बसून राहिला, डोळे सुकावेत म्हणून. साक्षी आता शांत झाली होती. त्याला वाटलं, झोपली. दिवे लागले, त्यानं चष्मा काढला आणि तिला खांद्यावर घेतलं, तेव्हा त्याच्या शर्टाला काहीतरी चिकट लागलं. तिच्या कानातून पिवळट पू वाहून गळ्यापर्यंत आला होता. फ्रॉकचा खांदा भिजला होता. रुमाल खाली पडला होता आणि पोरगी झोपलेली नव्हती. ती उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती. अंग तापलं होतं.

मागच्या रांगेतली बाई पटकन पुढं आली, पदर पाण्यानं ओला करून पोरीचा गळा पुसायला लागली. तिच्या मागं तिचा नवरा उभा होता, दोन पोरांना दोन्ही हातांनी धरून. तो पंकज होता, सुरेंद्रच्याच ऑफिसातला ज्युनिअर असिस्टंट.

"सर, तुमी?" पंकज म्हणाला. त्याची नजर सुरेंद्रच्या तोंडावर गेली, ओल्या गालांवर थांबली आणि खाली वळली. "चला, मी गाडी काढतो. कानाचा डॉक्टर रविवारी पण बसते."

दवाखान्यात जाईपर्यंत पोरीला पंकजच्या बायकोनंच मांडीवर घेतलं होतं. सुरेंद्रनं पूनमला फोन लावला आणि ती मावल्याहून ऑटो करून पोचली. डॉक्टरांनी कानात बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. ते म्हणाले की आतून सूज येऊन पडदा फुटला आहे. पोरगी लहान आहे, भरून येईल, काळजी करू नका, पण कानात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि औषध नेमानं घालायचं. मग त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "पडदा फुटायच्या आधी फार ठणकते. रडली असंन ना खूप? केव्हापासून दुखत होतं?"

पूनमनं भावाकडे बघितलं.

"आत्ताच," सुरेंद्र म्हणाला. "पिक्चर सुटल्यावर सांगितलं तिनं एकदम. आत काहीच बोलली नाई."

त्याला ते ठरवून बोलावं लागलं नाही. सरकारी कामकाजात वरच्यानं विचारलं की उत्तर जसं तोंडात तयार असतं, तसं ते आलं. पंकज आणि त्याची बायको बाहेरच्या बाकावर होते, एवढं मात्र त्यानं आधी बघून घेतलं होतं.

पूनमनं पोरीला विचारलं, "मामाले नाई सांगितलं तू?"

साक्षी मामाकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली. "नाई सांगितलं."

सुरेंद्रला त्या क्षणी जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आपण खोटं बोललो याची लाज एक होती. पण ते खोटं एका सहा वर्षांच्या पोरीनं, कान फुटलेला असताना, आपल्याकडून उचललं आणि आपल्यासाठी पुढं नेलं. तो औषधं आणायला म्हणून बाहेर गेला आणि दुकानात उगीच उभा राहिला.

सोमवारी ऑफिसात त्याला वाटलं होतं, सगळ्यांना कळलं असेल, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. पंकजनं कुणाला काही सांगितलंच नव्हतं. त्यानं फक्त पोरीची तब्येत विचारली आणि सह्यांचे कागद टेबलावर ठेवून गेला. दर वेळी तो आत आला की सुरेंद्र मान खाली घालून काहीतरी वाचायला लागायचा. हसला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. आपण कार्टून बघून रडतो, या गोष्टीची इतकी वर्षं लाज बाळगली, ती तर किती किरकोळ होती, हे त्याला आता कळत होतं.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पंकजची बायको अश्विनीला भेटली. पोरगी बरी आहे का, असं विचारताना ती सहज म्हणून गेली की लेकरू अंधारात केवढं रडत होतं, मी भाऊंना सांगितलंही. अश्विनी घरी आली तेव्हा सुरेंद्र जेवत होता आणि मैत्री त्याला वाढत होती. अश्विनीनं पर्स खुर्चीवर ठेवली आणि सरळ विचारलं, "तिनं तुमाले आतच सांगितलं होतं ना?"

सुरेंद्रनं घास खाली ठेवला. तो म्हणाला, "हो."

"मंग उठले काऊन नाई?"

याचं उत्तर त्याच्याजवळ होतं, पण ते कसं सांगणार? पिक्चर चांगला चालू होता म्हणून. शेचाळीस वर्षांच्या माणसानं हे वाक्य कोणत्या तोंडानं बोलावं?

मैत्री म्हणाली, "मी सांगते, काऊन नाई उठले ते."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं. तिनं सांगितलं की सहावीत असतानाच तिला त्या पिक्चरांचा कंटाळा यायला लागला होता. एकदा तर अंगात ताप होता. तरी ती जात राहिली.

"घरी आल्यावर दोन-चार दिवस तुमी चांगलं बोलत होते ना आमच्याशी," ती म्हणाली. "हसत होते. म्हणून येत होती मी."

"मी रडतो ते... तुले मालूम होतं?"

"चष्मा डोळ्यावर असते पप्पा. गालावर नाई."

अश्विनी स्वयंपाकघरात गेली. सुरेंद्र ताटासमोर बसून राहिला. त्याला एकेक पिक्चर आठवत होता आणि प्रत्येक पिक्चरमध्ये शेजारच्या खुर्चीवर एक पोरगी बसलेली आठवत होती. ती पडद्याकडे बघत होती की त्याच्याकडे, हे त्याला एकदाही आठवेना. इतकी वर्षं आपण लेकीची हौस पुरवतो आहोत, असं तो समजत आला होता.

तो हात धुऊन उठला आणि मावल्याला गेला.

पूनम अंगणात साक्षीची वेणी घालत होती. कानात कापसाचा बोळा होता. सुरेंद्र खुर्चीवर बसला नाही, पायरीवर बसला. त्यानं बहिणीला सगळं सांगितलं. इंटरव्हलमध्ये पोरगी काय म्हणाली, आपण काय म्हटलं, मागच्या बाईला काय उत्तर दिलं, डॉक्टरला काय सांगितलं. पिक्चर तिच्यासाठी नव्हता, आपल्यासाठी होता, हेही सांगितलं. सांगताना त्यानं पूनमकडे एकदाच बघितलं. तिचा हात वेणीतच थांबला होता.

"दादा," ती म्हणाली, "मी मारलं तिले."

सुरेंद्रला कळेना.

"त्याच दिवशी, घरी आल्यावर. इतकं दुखत होतं त मामाले सांगाले काय झालं होतं म्हणून पाठीत दोन ठेवून देल्या. तरी नाई बोलली ते." तिनं पोरीला आपल्याकडे वळवलं. "काऊन नाई सांगितलं वं मले? मामाचं नाव काऊन नाई घेतलं?"

साक्षी कापसाच्या बोळ्याला बोट लावत म्हणाली, "मामा रडून राह्यला होता. मामालेबी दुखत होतं."

पूनमनं तिला पोटाशी ओढलं आणि ती पोरीची माफी मागायला लागली, मी तुले उगंच मारलं बाई, उगंच मारलं. भावाला ती काहीच बोलली नाही. ती रागावली असती, वाईटसाईट बोलली असती, तर सुरेंद्रला धरायला काहीतरी सापडलं असतं. तोही साक्षीला म्हणाला की मामाचं चुकलं. पण ते शब्द त्याला स्वतःलाच पोकळ वाटले, आणि साक्षीनं समजल्यासारखी मान हलवली ती केवळ मोठी माणसं काही म्हणाली की मान हलवायची असते म्हणून.

तो निघाला तेव्हा पूनम फाटकापर्यंत आली. डोळे पुसून ती म्हणाली की परवा डॉक्टरकडे दाखवायला न्यायचं आहे, हर्षदीपला सुट्टी नाही. एवढं म्हणून ती थांबली. त्यानं यावं असं तिनं म्हटलं नाही, येऊ नये असंही म्हटलं नाही.

त्या दिवशी तो गेला. ऑफिसात रजा टाकली, सकाळीच जाऊन दवाखान्यात नंबर लावला. साक्षी आईच्या मांडीवर बसली होती आणि तो शेजारच्या बाकावर. नंबर आल्यावर तिघं आत गेले. डॉक्टरांनी कापूस काढला, आत बघितलं, समाधानानं मान हलवली. मग साक्षीच्या गालाला हात लावून विचारलं, "आता दुखते का बाळा?"

साक्षीनं आधी मामाकडे बघितलं. काय सांगायचं ते तिथं लिहिलं असेल, अशी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

डॉक्टर थांबले. पूनमही थांबली. सुरेंद्रला मान वर करवेना. खुर्चीच्या पायाकडे बघत तो म्हणाला, "माझ्याकडं नको पाहू. तुझं तू सांग."

ती हळूच म्हणाली, "थोडं थोडं दुखते."

"मागच्या वेळी मी तुमाले खोटं सांगितलं होतं," सुरेंद्र डॉक्टरांना म्हणाला. "तिनं अर्ध्या पिक्चरातच सांगितलं होतं मले."

डॉक्टरांनी ऐकलं, चिठ्ठीवर औषध बदलून दिलं आणि पुढच्या पेशंटला आवाज दिला.